युरोपच्या हॉकी स्पर्धेत पाचवा नंबर इतका का झोंबतो

मार्च २००८ मध्ये चिलीच्या सॅन्तियागो शहरात भारतीय पुरुष हॉकी संघ पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून ०-२ असा हरला. १९२८ पासून पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकी संघ नसणार, हे त्या दिवशी नक्की झालं. संघाचे प्रशिक्षक होते मुंबईकर ऑलिंपियन जोआकिम कार्व्हालो. त्यांनी राजीनामा दिला. पुढचे कित्येक दिवस आपल्याकडे संघटना, निवड, तयारी यांवर संतापाने बोललं गेलं आणि त्यात काही चूक नव्हतं. पण ग्रेट ब्रिटनसारखा संघ मुळात चिलीत पात्रता स्पर्धा खेळायला का आला होता, हा प्रश्न त्या गदारोळात मागे राहिला.

त्याचं उत्तर सात महिने आधीच्या एका स्पर्धेत आहे. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला युरोपातल्या आठ राष्ट्रीय संघांची स्पर्धा झाली. बीजिंग ऑलिंपिकची तीन थेट तिकिटं तिथे मिळणार होती. नेदरलँड्स पहिला आला, स्पेन दुसरा, बेल्जियम तिसरा. यजमान इंग्लंड या तिघांत नव्हता. त्यामुळे ब्रिटनला पुढच्या वर्षी अटलांटिक ओलांडून पात्रता स्पर्धा खेळावी लागली, आणि तिथे एकाच जागेसाठी त्यांच्यासमोर आपण उभे राहिलो.

भारत या स्पर्धेत खेळत नाही. आपल्याकडे ती पाहणारेही मोजकेच. तरीही ऑलिंपिकला आणि विश्वचषकाला आपल्यासमोर कोण येणार, किती तयारीने येणार, आणि पात्रतेच्या वाटेवर आपल्याला कोण आडवं येणार, यातलं बरंच काही तिथे ठरतं. म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. आणि ती समजून घ्यायची असेल तर अंतिम सामन्याइतकंच लक्ष तिसऱ्या, पाचव्या, सातव्या क्रमांकाकडे द्यावं लागतं.

स्पर्धा काय आहे

तिचं नाव युरोहॉकी चॅम्पियनशिप. युरोपियन हॉकी महासंघ ती भरवतो. पहिली स्पर्धा १९७० मध्ये ब्रुसेल्सला झाली आणि पश्चिम जर्मनीने जिंकली. सुरुवातीची अनेक वर्षं ती साधारण चार वर्षांनी व्हायची. २००३ पासून ती दर दोन वर्षांनी, विषम सालात होते, कारण ऑलिंपिक आणि विश्वचषक सहसा सम सालात येतात. २००३ मध्ये बारा संघ होते, २००५ पासून आठच. संघ कमी केल्याने दर्जा वाढला आणि आत शिरणंही अवघड झालं.

२०२५ पर्यंत वीस स्पर्धा झाल्या. त्यातल्या नऊ जर्मनीने जिंकल्या (पश्चिम जर्मनीच्या दोन धरून), सात नेदरलँड्सने. उरलेल्या चारांपैकी दोन स्पेनच्या, १९७४ आणि २००५ च्या. एक इंग्लंडची, २००९ ची. आणि एक बेल्जियमची, २०१९ ची. म्हणजे विजेतेपद बहुतेक वेळा दोनच घरांत फिरत राहिलं. एवढीच यादी पाहिली तर स्पर्धा कंटाळवाणी वाटेल. पण विजेत्यांच्या खाली जी घुसमट असते, ती या यादीत दिसत नाही.

एक आठवण इथेच सांगून टाकतो. १९८३ मध्ये आम्स्टलवीनला अंतिम सामन्यात नेदरलँड्ससमोर सोव्हिएत संघ होता. त्याच संघाने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. त्या संघाचा कणा होता अल्मा-अता शहरातला दिनामो क्लब. सोव्हिएत संघ फुटला आणि ते शहर कझाकस्तानात गेलं. कझाकस्तान आज आशियात खेळतो. युरोपचा उपविजेता असलेला एक मजबूत संघ नकाशा बदलल्यामुळे अक्षरशः विरून गेला. हॉकीच्या इतिहासातल्या या गोष्टीबद्दल फार कमी बोललं जातं.

आठ संघ, दोन गट, आणि तिसरा गट

आता रचना. आठ संघांचे चार-चारचे दोन गट, अ आणि ब. प्रत्येक संघ आपल्या गटातल्या तिघांशी खेळतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर आधी कोणी जास्त सामने जिंकले ते पाहतात, मग गोलफरक, मग केलेले गोल. दोन्ही गटांतले पहिले दोन संघ उपांत्य फेरीत जातात. अ गटाचा पहिला ब गटाच्या दुसऱ्याशी, ब गटाचा पहिला अ गटाच्या दुसऱ्याशी. इथपर्यंत सगळं ओळखीचं आहे.

खरी गंमत उरलेल्या चौघांची. त्यांना घरी पाठवत नाहीत. दोन्ही गटांतले तिसरे आणि चौथे संघ एकत्र आणून त्यांचा 'क' गट करतात आणि पाचवा ते आठवा क्रमांक तिथे ठरतो. या गटात पुन्हा साखळी सामने होतात, पण आधीच्या गटात जे दोन संघ एकमेकांशी खेळले आहेत ते परत खेळत नाहीत. त्यांच्या त्या जुन्या सामन्याचा निकाल तसाच पुढे नेला जातो. समजा अ गटात तिसऱ्या संघाने चौथ्याला हरवलं होतं. मग क गट सुरू होतानाच तिसऱ्याच्या नावावर तीन गुण आणि चौथ्याच्या नावावर शून्य. उरलेल्या दोन सामन्यांत ही दरी भरून काढायची.

याचा परिणाम स्पर्धेच्या पहिल्या दिवसापासून जाणवतो. आपण जर्मनीला किंवा नेदरलँड्सला हरवू शकत नाही, हे माहीत असलेला लहान संघ आपल्याच तोडीच्या संघाविरुद्धच्या सामन्यासाठी सगळी ताकद राखून ठेवतो. मोठ्या संघासमोर दोन गोलने हरणं परवडतं, पण बरोबरीच्या शेजाऱ्यासमोर हरलं तर ते ओझं आठवडाभर पाठीवर राहतं. त्यामुळे स्पर्धेच्या सुरुवातीला रिकाम्या स्टँडसमोर झालेला एखादा सामना शेवटच्या दिवशी जीवघेणा ठरू शकतो.

क गटात शेवटचे दोन आले की काय होतं? वर्षानुवर्षांचा नियम असा की तळाचे दोघे पुढच्या वेळी दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळणार आणि तिथले वर चढलेले त्यांची जागा घेणार. अलीकडे याला पात्रता स्पर्धांची जोड मिळाली आहे, त्यामुळे परतीची वाट थोडी बदलली. पण वरच्या आठांत नसण्याचा फटका तोच. मोठ्या संघांशी सामने मिळत नाहीत, प्रायोजक आटतात, सरकारी क्रीडा निधी कमी होतो, चांगले खेळाडू शिक्षणाकडे किंवा नोकरीकडे वळतात. हॉकीत फुटबॉलसारखा पैसा नाही. पोलंड, ऑस्ट्रिया, वेल्स अशा देशांत राष्ट्रीय संघातून खेळणाऱ्याला पोटापाण्याची सोय वेगळी करावी लागते. त्याच्यासाठी सहावा आणि सातवा क्रमांक यांतलं अंतर म्हणजे पुढच्या दोन वर्षांच्या आयुष्याचा प्रश्न असतो.

तिकिटांचं गणित

पुन्हा मँचेस्टरकडे येऊ, कारण तिथला एक सामना मला या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यांत बोलका वाटतो. तो अंतिम सामना नव्हता. तिसऱ्या क्रमांकासाठीचा होता, बेल्जियम विरुद्ध जर्मनी.

कांस्यपदकाचा सामना म्हटलं की आपण थोडे सैल होतो. उपांत्य सामना हरलेले दोन निराश संघ, एवढंच चित्र डोळ्यांसमोर येतं. त्या दिवशी मात्र त्या सामन्यावर ऑलिंपिकचं तिसरं तिकीट होतं. जर्मनी तेव्हा विश्वविजेता होता. २००६ चा विश्वचषक त्यांनी आपल्याच म्योन्शनग्लाडबाखला जिंकला होता. बेल्जियम १९७६ च्या माँट्रियलनंतर एकदाही ऑलिंपिकला गेला नव्हता. आणि बेल्जियम जिंकला. तीस वर्षांहून जास्त काळ बंद असलेलं दार उघडलं. विश्वविजेत्या जर्मनीला जपानमधल्या काकामिगाहारा शहरात जाऊन पात्रता स्पर्धा खेळावी लागली. ती त्यांनी जिंकली, मग बीजिंगला जाऊन अंतिम सामन्यात स्पेनला १-० हरवून सुवर्णपदकच घेऊन आले. युरोपात चौथा आलेला संघ वर्षभराच्या आत ऑलिंपिक विजेता झाला. युरोपातली स्पर्धा किती अटीतटीची असते, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

नंतर गणित आणखी कडक झालं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून खंडाच्या स्पर्धेतून फक्त विजेत्याला थेट प्रवेश मिळू लागला. २०१५ मध्ये लंडनला नेदरलँड्सने अंतिम सामन्यात जर्मनीचा ६-१ असा धुव्वा उडवून ते तिकीट घेतलं. २०१९ मध्ये अँटवर्पला बेल्जियमने स्पेनला ५-० हरवलं आणि टोकियोची जागा पक्की केली. २०२३ मध्ये म्योन्शनग्लाडबाखला नेदरलँड्सने इंग्लंडला २-१ हरवलं आणि पॅरिस गाठलं.

२०२३ च्या त्या निकालाचा अर्थ असा झाला की, जानेवारीत भुवनेश्वरला विश्वचषक जिंकलेला जर्मनी आणि टोकियोचा सुवर्णविजेता बेल्जियम, या दोघांनाही पॅरिससाठी पात्रता स्पर्धा खेळावी लागली. जर्मनी आणि ग्रेट ब्रिटन मस्कतला गेले, बेल्जियम व्हॅलेन्सियाला. मस्कतला पाकिस्तानही होता. तीन जागांपैकी दोन जर्मनी आणि ब्रिटनने घेतल्या, तिसरी न्यूझीलंडने पाकिस्तानला हरवून मिळवली. पाकिस्तान सलग तिसऱ्या ऑलिंपिकला मुकला. युरोपातली गर्दी बाहेर सांडते ती अशी, आणि तिच्या आड जे कोणी येतं त्याला ती रेटून बाजूला करते. २००८ मध्ये आपल्या बाबतीत हेच झालं होतं.

अखेर पॅरिसला बारा संघांत सात युरोपचे होते: यजमान फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियम, स्पेन, ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड. भारत तिथे उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनशी, उपांत्य फेरीत जर्मनीशी आणि कांस्यपदकासाठी स्पेनशी खेळला. बाद फेरीतले आपले तिन्ही प्रतिस्पर्धी युरोहॉकीत घडलेले.

भारताची वाट आशियातून जाते, आणि तिथे गर्दी कमी असते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून भारत पॅरिसला गेला. २०२५ मध्ये राजगीरला आशिया चषक जिंकून २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीने युरोहॉकी जिंकून आपली जागा घेतली. मला आशियाई विजयाचं मोल कमी करायचं नाही. कोरिया, मलेशिया, जपान, पाकिस्तान यांना हरवणं सोपं नसतं. पण आशियात एखादा वाईट दिवस बऱ्याचदा निभावून नेता येतो. युरोपात उपांत्य फेरी गाठण्यासाठीही सहा तुल्यबळ संघांत चार जागा असतात. २०२५ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन आणि फ्रान्स तिथे पोहोचले. बेल्जियम आणि इंग्लंड बाहेर राहिले.

इंग्लंड की ग्रेट ब्रिटन?

नव्याने पाहणाऱ्याला सगळ्यांत जास्त गोंधळवणारी गोष्ट हीच. मँचेस्टरला हरला इंग्लंड, मग चिलीला ग्रेट ब्रिटन कसा?

युरोहॉकीत आणि विश्वचषकात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स हे तीन वेगळे संघ म्हणून खेळतात. ऑलिंपिकमध्ये मात्र देश म्हणून एकच ग्रेट ब्रिटन असतो आणि त्यात तिन्हीकडचे खेळाडू निवडले जातात. मग ब्रिटनची पात्रता कोणाच्या निकालावर ठरवायची? त्यासाठी इंग्लंडला नेमलेलं आहे. म्हणजे इंग्लंड युरोपात हरला तर स्कॉटलंड आणि वेल्सच्या खेळाडूंचंही ऑलिंपिक धोक्यात येतं, आणि त्या सामन्यात ते मैदानात उतरलेलेही नसतात. आपलं स्वप्न दुसऱ्याच्या स्टिकवर टांगलेलं असणं कसं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

आयर्लंडची गोष्ट आणखी वेगळी. राजकीयदृष्ट्या ते बेट दोन भागांत विभागलेलं आहे, पण हॉकीत आयर्लंडचा संघ एकच, संपूर्ण बेटाचा. उत्तर आयर्लंडमधला खेळाडू त्या संघातून खेळू शकतो आणि ब्रिटनचा नागरिक म्हणून ग्रेट ब्रिटनकडूनही. डेव्हिड एम्स हा असाच खेळाडू. तो आधी आयर्लंडकडून खेळला, नंतर इंग्लंड आणि ग्रेट ब्रिटनकडून, अगदी पॅरिसपर्यंत. अशा निर्णयांनी आयरिश हॉकीला वेदना होतात, कारण घडवलेले खेळाडू मोक्याच्या वयात निघून जातात. खेळाडूला दोष देणंही मला पटत नाही. एका संघाला ऑलिंपिक जवळपास दरवेळी मिळतं, दुसऱ्याला कधीतरी, आणि खेळाडूचं वय कोणासाठी थांबत नाही.

तरीही २०१५ मध्ये याच आयर्लंडने लंडनला कांस्यपदक जिंकलं, तेही तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात यजमान इंग्लंडला ४-२ हरवून. पुढच्या वर्षी आयर्लंडचे पुरुष रिओला गेले. त्याआधी त्यांचा संघ ऑलिंपिक खेळला होता तो १९०८ मध्ये. रिओला गेलेल्या संघाचे प्रशिक्षक होते दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन. नंतर ते बेल्जियमच्या प्रशिक्षक चमूत गेले, टोकियोचं सुवर्ण पाहिलं, आणि २०२३ पासून ते भारताचे मुख्य प्रशिक्षक आहेत. पॅरिसचं आपलं कांस्य त्यांच्याच काळातलं. बचावाची भिंत आधी उभी करायची आणि तिथून झेप घ्यायची, हा त्यांचा आग्रह आपल्या संघात आज दिसतो. आपल्याहून बलवान संघांशी कसं टिकायचं, हे ते आयर्लंडसोबत युरोपात शिकून आले आहेत.

इतके संघ तुल्यबळ कसे

युरोपची हॉकी क्लबवर उभी आहे. नेदरलँड्सची लोकसंख्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख, म्हणजे महाराष्ट्राच्या तुलनेत अगदीच लहान देश, पण हॉकी संघटनेचे नोंदणीकृत सदस्य दोन लाखांहून जास्त. आपल्या शहरांतल्या जुन्या जिमखान्यांसारखं तिथल्या क्लबचं वातावरण असतं: आजोबा, आई, मुलगा एकाच क्लबचे सदस्य, मैदानाशेजारी बसायची जागा, आणि पालकच लहान मुलांच्या सामन्यांची व्यवस्था बघतात. वरच्या टोकाला होफ्डक्लासे ही लीग, तिचे सामने रविवारी. ब्लूमेंडालसारख्या क्लबमध्ये जगभरातले उत्तम खेळाडू एकत्र खेळतात. जर्मनी आणि बेल्जियममध्येही अशाच लीग आहेत, आणि २००७ पासून या सगळ्या देशांतले सर्वोत्तम क्लब युरो हॉकी लीगमध्ये एकमेकांशी भिडतात.

यामुळे राष्ट्रीय स्पर्धेत समोर येणारे खेळाडू एकमेकांना आरपार ओळखतात. हा कोणत्या बाजूने वळतो, पेनल्टी कॉर्नरला तो कुठे फ्लिक मारतो, दमल्यावर कोणता पास चुकतो, हे सगळं रविवारच्या सामन्यांतून माहीत झालेलं असतं. गुपितं उरत नाहीत, म्हणून सामने एका-एका गोलवर अडतात.

आपल्या धनराज पिल्ले यांनीही फ्रान्स आणि जर्मनीत क्लब हॉकी खेळली होती, मुंबईचा युवराज वाल्मिकी जर्मन लीगमध्ये खेळला. पण ते अपवाद. युरोपच्या खेळाडूला मात्र ही रोजची शाळा लहानपणापासून मिळते.

जर्मनीची आणखी एक जमेची बाजू म्हणजे हिवाळ्यातली इनडोअर हॉकी. बाहेर गारठा असतो तेव्हा सगळं हॉकी विश्व छपराखाली जातं. मैदान लहान, गोलरक्षक धरून सहा खेळाडू, कडेला लाकडी फळ्या, चेंडू पुश करायचा, जोरात मारायचा नाही. तिथे जागाच नसते, त्यामुळे अरुंद कोपऱ्यात चेंडू सांभाळायची आणि झटपट पास द्यायची सवय हाडात भिनते. भर उन्हाळ्यातल्या टर्फवर 'डी'मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, गर्दीत सापडलेला जर्मन खेळाडू गडबडत नाही, त्याचं मोठं कारण या हिवाळ्यात आहे.

आणि टर्फ. १९७० ची पहिली युरोपियन स्पर्धा झाली तेव्हा हॉकी गवतावरचा खेळ होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकला कृत्रिम टर्फ आलं आणि मनगटाच्या नजाकतीपेक्षा वेग, दमसास, आखलेल्या हालचाली यांचं वजन वाढलं. युरोपातल्या छोट्या गावांतल्या क्लबनीही टर्फ घातलं, आपल्याकडे ते बराच काळ काही मोठ्या शहरांपुरतंच राहिलं. ही दरी भरायला आपल्याला दशकं लागली. ते दुःख आजही जुन्या खेळाडूंच्या बोलण्यात येतं.

बरोबरी झाली की

तुल्यबळ संघ म्हटले की बरोबऱ्या आल्याच. १९८३, १९८७, १९९५, १९९९ आणि २००३ अशा पाच अंतिम सामन्यांचा निकाल पेनल्टी स्ट्रोकवर लागला. स्ट्रोक म्हणजे गोलपासून ६.४ मीटरवर ठेवलेला चेंडू, समोर एकटा गोलरक्षक, आणि एकच ढकल. आम्स्टलवीनच्या वॅगनर स्टेडियमवर १९७३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत २-० आघाडीवरून २-२ वर आला आणि स्ट्रोकवरच नेदरलँड्सकडून हरला, हे अनेकांना आठवत असेल.

आता शूटआऊट असतो. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, आठ सेकंदांत गोल करायचा, गोलरक्षकाला पुढे यायची मुभा. स्ट्रोकमध्ये गोलरक्षक जवळजवळ हतबल असायचा, इथे तो नायक होऊ शकतो. २०२१ मध्ये नेदरलँड्सने जर्मनीला २-२ बरोबरीनंतर शूटआऊटमध्ये हरवलं, तर २०२५ मध्ये १-१ बरोबरीनंतर जर्मनीने नेदरलँड्सला. दोन्ही वेळा संघ तेच होते.

पेनल्टी कॉर्नरबद्दलही थोडं. बचावाचे गोलरक्षकासह पाचच जण गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीचे अर्ध्या मैदानाच्या रेषेपलीकडे. पहिला फटका जोरात मारलेला असेल तर गोलच्या फळीपेक्षा, म्हणजे ४६ सेंटिमीटरपेक्षा वर जाऊन चालत नाही. पण चेंडू स्टिकवर ओढत नेऊन उचललेल्या ड्रॅग फ्लिकला ही मर्यादा नाही. म्हणून चांगला ड्रॅग फ्लिकर हातात असलेला संघ अर्धी लढाई आधीच जिंकतो. बेल्जियमच्या अलेक्झांडर हेंड्रिक्सने टोकियोच्या उपांत्य सामन्यात आपल्याविरुद्ध तीन गोल केले होते. अर्जेंटिनाला २०१६ चं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारा गोंझालो पेयात पुढे जर्मनीकडून खेळू लागला आणि २०२३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली.

खालच्या संघांकडे पाहताना

या स्पर्धेतले खालचे संघ आपल्यासाठी परके नाहीत. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीसाठी भारताला पोलंडला हरवायचं होतं. खडकीच्या धनराज पिल्ले यांचं ते तिसरं ऑलिंपिक. भारत १-० पुढे होता आणि शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली. उपांत्य फेरी गेली. पोलंड हा युरोपात कधी पहिल्या श्रेणीत, कधी दुसऱ्या श्रेणीत असा झुलणारा संघ. पण क गटात दर सामन्याला जीव पणाला लावून खेळणाऱ्या संघाला शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजायची सवय असते.

२०२३ च्या विश्वचषकात ओडिशात वेल्सविरुद्धही आपल्याला त्रास झाला. गटात अव्वल येऊन थेट उपांत्यपूर्व फेरी गाठायला मोठ्या फरकाचा विजय हवा होता, कारण इंग्लंडचे आणि आपले गुण सारखे होणार होते आणि गोलफरकात इंग्लंड पुढे होता. वेल्सचा तो पहिलाच विश्वचषक. सामना आपण ४-२ जिंकला, पण तेवढ्याने भागलं नाही. जादा सामन्यात न्यूझीलंडसमोर शूटआऊटमध्ये हरलो आणि पदकाच्या शर्यतीबाहेर गेलो. इंग्लंडने त्याच वेल्सला पाच गोलने हरवलं होतं.

बेल्जियमने २००७ मध्ये तिसरा येऊन दार उघडलं, त्यानंतरची वाटचाल सगळ्यांना ठाऊक आहे: २०१३ मध्ये युरोपात उपविजेतेपद, २०१६ मध्ये रिओला रौप्य, २०१८ मध्ये भुवनेश्वरला विश्वचषक, २०१९ मध्ये युरोप, टोकियोला सुवर्ण. बीजिंगला गेलेला जॉन-जॉन डोमेन टोकियोच्या सुवर्णविजेत्या संघातही होता. आज फ्रान्स त्याच पायरीवर उभा आहे असं मला वाटतं. तरुण संघ, २०२५ मध्ये उपांत्य फेरी, आणि घरच्या ऑलिंपिकचा अनुभव.

पुढची युरोहॉकी २०२७ मध्ये आहे, आणि तिच्याही मागे ऑलिंपिक उभं आहे, लॉस एंजेलिसचं. तेव्हा वेळ कमी असेल तर अंतिम सामन्याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे गटांतला शेवटचा दिवस, जेव्हा सहा बलवान संघांपैकी दोन उपांत्य फेरीच्या बाहेर पडतात. दुसरी म्हणजे क गटाचा शेवटचा सामना. गुणतक्ता हाताशी ठेवा, मागून आलेला जुना निकाल त्यात मिळवा, आणि कोणाला जिंकावंच लागणार आहे ते काढा. चौथ्या क्वार्टरमध्ये तो संघ गोलरक्षक बाहेर काढून त्याच्या जागी अकरावा मैदानी खेळाडू उतरवेल. त्या संघाचं नावही आपल्याला नीट उच्चारता येत नसेल, पण पुढच्या एखाद्या पात्रता स्पर्धेत तोच आपल्यासमोर असू शकतो.